मिकायचे सहा आवाज

“घरात कुणी मिकायशी हातवारे करून बोलतं का?” कर्णबधिर मुलांच्या केंद्रातल्या मॅम क्लॅरिसने सहज विचारलं, आणि रोवेलिनच्या डोळ्यांपुढे सासूचे हात उभे राहिले. कालवं फोडून फोडून ओरखड्यांनी भरलेले, तोंडाच्या आधी चालणारे हात.

“नाही मॅम,” ती म्हणाली. “आमच्याकडे सक्त मनाई आहे.”

“मग मला उलगडा होत नाही. इथे ती सहापैकी तीन आवाजांना हलत नाही. ‘श’ आणि ‘स’ आधीच गेले होते, आता ‘ई’ पण गेला. घरी कसं आहे?”

“घरी सगळे बरोबर. रोज. एकही चुकत नाही.”

मॅम क्लॅरिसचा चेहरा कोराच राहिला. मनिलाला शिकून आलेली बाई. मुलांसमोर येताना चेहऱ्याला जणू इस्त्री करून यायची. “म्हणजे घरी तिला कुणीतरी खूण करतंय,” ती म्हणाली. “कानांची तपासणी पुन्हा करायला हवी. इलोइलोच्या मोठ्या इस्पितळात जूनमध्ये नंबर लागेल. तोवर घरात जरा लक्ष ठेवा.”

लक्ष ठेवायला सांगायची काही गरज नव्हती. लग्न होऊन या घरात आल्यापासून रोवेलिन सासूवर लक्ष ठेवूनच होती. आता तर तिला परवानाच मिळाला.

रोवेलिनची मिकाय सहा वर्षांची. दोन्ही कानांमागे निळी यंत्रं, केसांना तशाच निळ्या क्लिपा. तीन वर्षं रोवेलिनने एकच व्रत धरलं होतं: पोरीशी फक्त तोंडाने बोलायचं, ऐकवून ऐकवून तिला बोलतं करायचं, हात आवरून ठेवायचे. हातांची सवय लागली की कान आळशी होतात, असं पहिल्या डॉक्टरने सांगितलं होतं आणि तिने ते देवाच्या वचनासारखं घट्ट धरलं. मॅम क्लॅरिस इतकं कडक बोलत नसे. ती म्हणे, प्रत्येक मूल वेगळं असतं, काहींना कान पुरतो, काहींना हात लागतात, काहींना दोन्ही. असलं मोघम बोलणं रोवेलिनला नको असायचं.

जूनमध्ये घरासमोरच्या शाळेत पहिलीचा वर्ग सुरू होणार होता. मुख्याध्यापिकेने शब्द दिला होता, “मे संपायच्या आत मुलीला घेऊन ये. मी मागून हाक मारीन. वळली आणि सांगितलेलं केलं, तर माझ्या शाळेत बसेल.” नाही वळली तर पलीकडच्या गावातला खास वर्ग, जिथे मुलं हातांनी बोलतात. रोवेलिन एकदा तो वर्ग बघून आली होती. मुलं खिदळत होती, भांडत होती, हातांची नुसती धांदल, आणि तिला त्यातलं एक अक्षर कळेना. परतताना ट्रायसिकल रिक्षात ती रडत आली. इथे आलेली पोर आपली राहणार नाही, तिच्याशी आपल्याला बोलताच येणार नाही, ही तिची खरी भीती होती. ती तिने नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

रोज सकाळी औषधांच्या दुकानात कामाला जाण्याआधी ती पोरीची परीक्षा घ्यायची. आधी यंत्राला नळी लावून स्वतःच्या कानाने ऐकायचं, आवाज स्वच्छ येतोय ना. मग मिकायला समोर बसवायचं. केंद्रात मॅम मुलीच्या शेजारी बसायची, पण रोवेलिनचं जेवणाचं टेबल भिंतीला टेकलेलं, शेजारी बसायला जागा नाही, म्हणून या दोघी समोरासमोर. पोरीने ओठ वाचू नयेत म्हणून रोवेलिन विणलेला पंखा तोंडापुढे धरायची आणि एकेक आवाज काढायची. आ. ऊ. ई. श. स. म. आवाज आला की मिकायने कानाशी धरलेला ठोकळा बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. टण्ण. त्यानंतर चित्रं. तीन चित्रं मांडायची, “कुत्रा कुठाय?” म्हणायचं, आणि मिकायचं बोट चित्रांवरून फिरत फिरत नेमकं कुत्र्यावर थांबायचं. रोवेलिन पंखा फेकून देऊन तिचे मुके घ्यायची. दिवसभरात ती हसली तर तेवढ्यात.

आणि अशी पोर केंद्रात जाऊन गप्प बसते? पाणी कुठेतरी मुरत होतं.

आता तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. पवित्र आठवड्यात, गुड फ्रायडेची मिरवणूक संपवून घरी आल्यावर सासू, मिकायची लोला म्हणजे आजी पुरिंग, पाय चोळत सुनेला म्हणाली होती, “इंदाय, पोरीला पूर्वीपेक्षा कमी ऐकू येतंय असं वाटतं मला.”

“नानाय, यंत्र मी रोज तपासते. तुम्हाला त्यातलं काय कळतं?”

“यंत्रातलं नाही कळत,” म्हातारी म्हणाली आणि पुन्हा पाय चोळायला लागली.

तेव्हा रोवेलिनने ते सोडून दिलं होतं. आता तेच बोलणं उलटंसुलटं करून बघितल्यावर तिला त्यात डाव दिसला. पोरीला ऐकू येऊ नये असंच म्हातारीच्या मनात आहे! लोला पुरिंगने उभं आयुष्य खाडीकाठच्या शेडमध्ये कालवं फोडली, आणि तिच्या शेजारच्या पाटावर कोण, तर जन्माची बहिरी सेलिंग. वीस-पंचवीस वर्षं दोघी हातांनी गप्पा मारत आलेल्या. सेलिंग घरी आली की सासू अशी खुलायची की जणू सख्खी बहीण आली. म्हातारीला घरातही एक सेलिंग हवी आहे, असं रोवेलिनने ठरवून टाकलं. एकदा ठरवलं की पुरावे काय, अंगणातल्या कोंबड्यांसारखे आपोआप पायात येतात. जेवताना कुणी काही बोलायच्या आत मिकायने लोलाला व्हिनेगरची बाटली दिली. संध्याकाळी दोघी एकाच वेळी हसल्या, आणि घरात तर कुणी काही बोललं नव्हतं.

सकाळच्या परीक्षेला सासू स्वयंपाकघरात असायची. तिथून खूण करत असेल. रोवेलिनने तिला फर्मावलं, “नानाय, उद्यापासून मी मुलीला घेऊन बसले की तुम्ही बाहेर अंगणात बसा.”

“बसते की. अंगणात वारा तरी असतो.”

पोरीचे सहाच्या सहा बरोबर. मग रोवेलिनला खिडकी दिसली. दुसऱ्या दिवशी तिने खिडकीवर चादर ताणून बांधली. चादरीपलीकडून म्हातारी ओरडली, “इंदाय, आत कुणाला बाळंतपणाला बसवलंयस काय?” तरी सहाच्या सहा बरोबर. दुसऱ्या कुणाची शंका तिथे फिटली असती. रोवेलिनची शंका नुसती जागा बदलून मॅम क्लॅरिसकडे गेली. ओठ झाकायला बाई तोंडापुढे काळं कापड धरते, ते जास्तच घट्ट धरत असेल. आवाज पुटपुटत असेल. पोरगी तिला घाबरत असेल.

रात्री जहाजावरून रोडेलचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिने नवऱ्यापुढे सगळं ओकून टाकलं.

“माझी आई अंगणात, खिडकीला चादर, दार बंद,” रोडेल म्हणाला. “अगं, तू माझी बायको आहेस की पोलीस ठाणं?”

“तुला थट्टा सुचतेय. तुझी आई माझ्या पोरीला बहिरी करतेय.”

“बहिरी ती जन्मतःच आहे, रोवे,” तो हळूच म्हणाला. तिने फोन बंद केला.

सुक्या मासळीच्या टपरीवरच्या मानांग देलियाने मग उरलीसुरली आग पेटवली. ही बाई मासळीबरोबर बातम्याही वाळत घालायची. “दुपारची तुझी पोर कुठं असते गं?” तिने विचारलं.

“झोपलेली असते. नानाय झोपवतात.”

“झोपलेली? बरं.” देलियाने एक मासा उलटला. “मग मी पाहिली ती कुणी दुसरीच निळ्या क्लिपांची असेल.”

“कुठे पाहिलीत?”

देलियाने ओठांचा चंबू करून खाडीकडे दाखवलं.

“सेलिंगच्या शेडमध्ये?”

देलियाने भुवया उडवल्या, म्हणजे हो. “रोज जातात की दोघी. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुला कुणी सांगितलं नाही? मी पण नाही सांगितलं हं.”

रोवेलिनने त्या दिवशी दुपारनंतरची रजा टाकली आणि उन्हातून तशीच खाडीकडे निघाली. डोक्यात एकेक वाक्य घासून धारदार करत होती. तुम्ही माझा विश्वासघात केलात. तुम्ही मुलीची शाळा घालवलीत. शेड लांबूनच दिसली, पत्र्याचं छप्पर, चारी बाजू उघड्या, शिंपल्यांचे कमरेएवढे ढीग. ती एका ढिगामागे थांबली. रंगेहाथ पकडायचं होतं.

पाचसहा बायका पाटांवर बसून कालवं फोडत होत्या. सुऱ्या मात्र थांबल्या होत्या. सगळ्या मिकायकडे बघत होत्या. मिकाय उपड्या टोपलीवर उभी राहून काहीतरी सांगत होती. हातांनी. बोटांचा कोंबडा झाला, कोंबडा कुणाच्या तरी मागे लागला, कुणीतरी जाडजूड माणूस हुश्श हुश्श करत धावला, पडला, उठला, चप्पल शोधायला लागला. पाद्री असावा, कारण मध्येच तिने गळ्याशी पट्टी ओढून दाखवली. सेलिंगच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. लोला पुरिंग मध्येच काहीतरी विचारी, मिकाय मान झटकून तिला थांबवी आणि पुढे रेटी.

रोवेलिनच्या पोरीला घरी बोलता येणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. पाणी, भात, चल, नको. सांगायला इतकं काही तिच्यापाशी असेल, हे तिच्या आईला कधी सुचलंसुद्धा नव्हतं. तिला आनंद झाला नाही. तिला मत्सर वाटला, अगदी पोटातून, आणि मत्सराला रागाचं सोंग फार लवकर घेता येतं.

“वा, नानाय!” ती ढिगामागून पुढे आली. “मुलगी झोपली वाटतं?”

बायकांनी पटापट सुऱ्या उचलल्या. मिकायचे हात पाठीमागे गेले. ते बघून रोवेलिन आणखीनच भडकली.

“घरी चल, घरी शिव्या दे,” सासू म्हणाली. “इथे बायकांचं काम खोळंबतं.”

“इथेच बोलणार. सगळ्यांना कळू दे. तुमच्या या हातांनी तिचे कान आळशी झाले. केंद्रात ती अर्ध्या आवाजांना हलत नाही. महिन्याअखेर शाळेत हाक मारतील आणि ही ढिम्म उभी राहील. शाळा तुमच्यामुळे जाईल तिची!”

“माझ्यामुळे?”

“मग कुणामुळे? माझ्यासमोर तिचे सगळे बरोबर येतात. रोज! मग कान बिघडलेत कुठे?”

लोला पुरिंगने हातातली सुरी ठेवली. मग ती सेलिंगकडे वळून हातांनी काहीतरी बोलली. सेलिंगने मान हलवली. “घे,” सासू म्हणाली. “तुझी परीक्षा इथेच घे. फक्त पोरीच्या मागे उभी राहा.”

“मागे कशाला?”

“शाळेतली बाई मागूनच हाक मारणार आहे ना?”

मिकायला टोपलीवर बसवलं. ठोकळा नव्हता, म्हणून लोलाने तिच्या हातात एक शिंपला दिला आणि पुढ्यात बादली ठेवली. स्वतः ती पाठ करून बसली, सेलिंगलाही तिने पाठ करायला लावली. मिकायने शिंपला कानाशी धरला आणि शहाण्या मुलीसारखी ताठ बसली.

“आ,” रोवेलिन म्हणाली.

काही नाही.

“ऊ.” काही नाही. “ई!” ती ओरडली. शेडमधलं कुत्रं उठून उभं राहिलं, धक्क्यावर जाळं विणणाऱ्याने मान वर केली. “मिकाय! मिकाय!”

पोर तशीच बसून होती. शिंपला कानाशी, नजर समोर खाडीवर, वाट बघत. इतकं मन लावून वाट बघत होती की रोवेलिनला पुढची हाक मारवेना. ती गप्प झाली. सगळी शेड गप्प झाली. आणि त्या शांततेत, कुणीही काहीही म्हटलेलं नसताना, मिकायने शिंपला बादलीत टाकला आणि आई खूश झाली का ते बघायला हसत मागे वळली.

रोवेलिन शिंपल्यांवरच बसली. “यंत्र चालू आहे,” ती म्हणाली. “सकाळी मी ऐकलंय. माझ्या कानाने ऐकलंय.”

“यंत्र चालतंय, इंदाय. कान गेलाय.”

“मग माझ्यासमोर? माझ्यासमोर कसं येतं तिला?”

सासू मिकायकडे वळली. तिने मिकायला हातांनी विचारलं. मिकायने आधी आईकडे पाहिलं, मग सेलिंगकडे, मग एक मोठा चपटा शिंपला उचलून पंख्यासारखा तोंडापुढे धरला. आणि भुवया उडवल्या. वर, पार केसांपर्यंत. क्षणभर थांबून खाली आणल्या. पुन्हा वर. मग दुसऱ्या हाताचं बोट हवेत फिरवलं, चित्रांवरून फिरवतात तसं. पहिल्या चित्रावर भुवया जागच्या जागी. दुसऱ्यावरही तशाच. तिसऱ्यावर बोट गेलं आणि भुवया उडाल्या.

एका बाईला हसू फुटलं. तिने पदर नसल्याने एप्रनच तोंडात कोंबला. मिकायने केलेली ती हुबेहूब रोवेलिन होती. या गावात ‘हो’ म्हणायला तोंड उघडतो कोण? दुकानात, चर्चमध्ये, खानावळीत, सगळी कामं भुवयांवर चालतात. रोवेलिनने ओठ झाकले होते, खिडकी झाकली होती, सासूला अंगणात बसवलं होतं, आणि ‘हो, हो, हेच’ असं रोज सकाळी स्वतःच पोरीला सांगत होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मॅम क्लॅरिस फसली नाही, कारण ती शेजारी बसायची आणि चेहरा कोरा ठेवायची.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“मिरवणुकीच्या आधीपासून. हळूहळू गेलं, मग या आठवड्यात बरंच गेलं. तिने मला सांगितलं. मी तुला सांगितलं.”

“एकदा! एकदा सांगितलंत, नानाय! पुन्हा का नाही सांगितलं? माझा गळा धरून का नाही सांगितलं?”

म्हातारीचा आवाज पहिल्यांदाच चढला. “आणि तू काय केलं असतंस? ही शेड बंद केली असतीस. पोरीला दिवसभर ठोकळे घेऊन बसवलं असतंस. मग ती बोलली कुणाशी असती, सांग ना? तुझ्याशी?” मग ती जरा खाली आली. “चूक माझीही आहे. त्यानंतर पोरीने मला शपथ घातली, आईला सांगायचं नाही म्हणून, आणि मला ती मोडायची नव्हती. मला भीती वाटली तुझी.”

मला भीती वाटली तुझी. सासूला सुनेची भीती वाटते हे ऐकायला कितीतरी सुनांना आवडेल. रोवेलिनला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण जून महिन्यापर्यंत वाट बघणार होतो, पोर आतल्या आत शांत होत चालली होती आणि आपण चादरी बांधत होतो, हे तिला आता नीट दिसलं. आणि शपथ कशाची? सहा वर्षांच्या पोरीने कशासाठी शपथ घालावी?

मिकाय दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. तोंडं भांडतायत एवढं तिला कळत होतं. तिने लोलाचं कोपर ओढलं आणि भराभरा काहीतरी विचारलं. सासूने मान फिरवली. मिकायने पुन्हा विचारलं, यावेळी आईकडे बोट करून.

“काय म्हणतेय?” रोवेलिनने विचारलं.

“जाऊ दे. घरी गेल्यावर सांगते.”

“नानाय, काय म्हणतेय ती?”

लोला पुरिंग समोरच्या कालवांकडे बघत म्हणाली, “विचारतेय, उद्या सकाळी पण तो डब्याचा खेळ खेळायचा का? तिला कंटाळा येतो त्याचा. पण तुला फार आवडतो म्हणून ती खेळते.”

रोवेलिनला हुंदका आला आणि तिने तो आवरला नाही. “नाही म्हणावं. सांगा तिला, नाही खेळायचा. कधीच नाही.”

सासूने हातांनी सांगितलं. मिकायने ते वाचलं. सुटल्यासारखं वाटेल तिला, असं रोवेलिनला वाटलं होतं. पण पोरीच्या कपाळावर आठी पडली. ती विचार करत राहिली, आणि मग तिने अगदी सावकाश, लोलाला नीट कळावं म्हणून एकेक हात वेगळा करून, आणखी एक प्रश्न विचारला.

म्हातारीने सुरी हातात घेतली, कालव उचललं, आणि दोन्ही तसंच धरून बसली.

“नानाय?”

“म्हणतेय, मग तू कशाने हसशील?”

शेडमध्ये पुन्हा सुऱ्यांचा आवाज सुरू झाला होता. बायका मुद्दाम खाली माना घालून काम करत होत्या. मिकाय उत्तराची वाट बघत आईच्या चेहऱ्याकडे पाहत होती. चेहऱ्यावरून तिला सगळं कळायचं, पण हे उत्तर चेहऱ्यावर मावणारं नव्हतं. रोवेलिनने तोंड उघडलं. शब्द तयार होते, मायेचे, भरपूर, आणि त्यातला एकही पोरीपर्यंत पोचणार नव्हता. दुसऱ्या दिवशी ती मॅम क्लॅरिसला फोन करणार होती, तपासणी लवकर मिळते का बघणार होती, पलीकडच्या गावातल्या त्या वर्गातही जाऊन येणार होती. ते सगळं नंतर.

“मी तिला उत्तर देणार आहे,” ती सासूला म्हणाली. “मीच. तुम्ही नका देऊ. कसं द्यायचं तेवढं दाखवा.”

लोला पुरिंगने सुरी खाली ठेवली, बादलीत हात धुतले, पुसले, आणि सुनेच्या समोर येऊन बसली.